ग्रंथांचा गणिती : डॉ. रंगनाथन

गोंदिया जिल्हा हा धानाचा प्रदेश आहे. पावसाळा लागला की तेथे पऱ्हे टाकले जातात, बांध्यांत चिखल होतो आणि रोवणीची घाई सुरू होते. पीक ऐन भरात असताना एखाद्या वर्षी त्यावर गादमाशी पडते. मग धानाच्या फुटव्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होऊन जाते आणि तिला लोंबी म्हणून येत नाही. अशा वेळी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मनात आले, की या किडीविषयी कोणी काही लिहून ठेवले आहे काय ते पाहावे, तर त्याने काय करावे? लेखकाचे नाव त्यास ठाऊक नाही, पुस्तकाचे नाव तर नाहीच. त्यास ठाऊक आहे ती केवळ आपली अडचण. ग्रंथालयात त्या विषयावरचा ग्रंथ कदाचित असेलही. परंतु तो शेतीच्या कपाटात आहे, की कीटकांच्या, की विदर्भाची माहिती देणाऱ्या पुस्तकांत कोठे दडला आहे, हे त्यास कसे कळावे? ग्रंथ आहे, वाचकही आहे, आणि दोघांची गाठ मात्र पडत नाही!

ही गाठ पाडून देण्यासाठी भारतातील एका गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या आयुष्याची अठ्ठेचाळीस वर्षे वेचली. शियाळी रामामृत रंगनाथन हे त्यांचे नाव. ग्रंथाचा विषय नेमक्या खुणांनी कसा दाखवावा, या प्रश्नाचे त्यांनी शोधलेले उत्तर इतके मूलगामी होते, की पुढे जगातील ग्रंथपालांना त्याची दखल घ्यावी लागली.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालच्या ऑगस्ट महिन्यात, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. तंजावर हे नाव मराठी माणसास परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या वंशजांनी तेथे दीर्घकाळ राज्य केले. त्याच वंशातील सरफोजी राजांनी तेथील सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपास आणले. संस्कृत, तमिळ व तेलुगू पोथ्यांबरोबर मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आजही त्या संग्रहात आहेत. ज्या भूमीत ग्रंथांचा असा सांभाळ झाला, तिच्याच परिसरात ग्रंथालयशास्त्राचा हा आचार्य जन्मावा, हा योगायोग मोठा गोड वाटतो.

रामामृत अय्यर हे त्यांचे वडील. त्यांना रामायणाची गोडी होती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून ते त्याचे वाचन करीत. परंतु रंगनाथन अवघे सहा वर्षांचे असताना वडील वारले; त्यांचे वय त्या वेळी केवळ तीस वर्षांचे होते. पितृछत्र हरपलेला हा मुलगा पुढे वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली शियाळीच्याच शाळेत शिकला. त्याची प्रकृती नाजूक होती आणि बोलताना तो अडखळत असे. १९०९ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन तो मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाला. तेथे एडवर्ड रॉस या गुरूंच्या सहवासात त्याला गणिताची विलक्षण ओढ लागली. १९१६ साली गणितात एम. ए. झाल्यावर त्यांनी शिक्षकाचा व्यवसाय पत्करला. प्रथम मंगळूर, मग कोइमतूर आणि शेवटी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणित शिकविले. बोलताना अडखळणाऱ्या माणसाने वर्गासमोर उभे राहण्याचा धंदा निवडावा, यातच त्यांच्या स्वभावातील चिकाटी दिसून येते.

त्यांना शिकविण्यात आनंद होता, पण वेतन मात्र तुटपुंजे होते. १९२३ साली मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची नवी जागा निर्माण केली. तिचे वेतन बरे होते. स्नेह्यांच्या आग्रहावरून रंगनाथन यांनी अर्ज केला. सुमारे नऊशे अर्ज आले होते म्हणतात. आणि मौज अशी, की त्यांपैकी कोणासही ग्रंथपालाच्या कामाचे रीतसर शिक्षण नव्हते. रंगनाथन यांची तयारी ती काय? मुलाखतीच्या आधी त्यांनी ब्रिटानिका विश्वकोशातील ग्रंथालयांवरचा लेख वाचून काढला होता, एवढीच! निवड त्यांचीच झाली आणि १९२४ च्या जानेवारीत ते विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले.

परंतु चार दिवसांतच त्यांचा जीव घुसमटू लागला. कालपरवापर्यंत विद्यार्थ्यांच्या गजबजाटात रमणारा हा मनुष्य आता धुळीने भरलेल्या कपाटांच्या सहवासात एकटाच बसून राहिला. कोणी प्रश्न विचारीत नाही, कोणाची शंका फिटत नाही. ते कंटाळून आपल्या जुन्या कॉलेजात गेले आणि आपणास परत घ्यावे, अशी त्यांनी विनंती केली. तेव्हा एक तोड निघाली. त्यांनी आधी लंडनला जाऊन ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण घ्यावे. परत आल्यावरही मन लागले नाही, तर शिक्षकाची जागा त्यांच्यासाठी आहेच. या करारावर रंगनाथन विलायतेस गेले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स नावाचे वर्गीकरणाचे नामांकित शिक्षक त्यांना लाभले. रंगनाथन नुसते व्याख्याने ऐकून थांबले नाहीत. त्यांनी इंग्लंडमधील शंभरावर ग्रंथालये हिंडून पाहिली. त्या ग्रंथालयांत मुले येत, कामकरी येत, गृहिणी येत आणि हवे ते पुस्तक मागून घेऊन जात. हे दृश्य त्यांना नवे होते. ग्रंथालय म्हणजे ग्रंथांची कोठी नव्हे, ते समाजाचे विद्यालय होऊ शकते, हे त्यांस तेथे उमगले. त्याच वेळी एक उणीवही त्यांच्या गणिती नजरेने हेरली. ग्रंथालये निरनिराळी होती, त्यांचे वाचक निरनिराळे होते, पण पुस्तकांची मांडणी मात्र जो तो आपापल्या पद्धतीने करी, आणि त्यामागचे तत्त्व कोणते, हे सांगणारे शास्त्र फारसे तयार झालेले नव्हते.

त्या काळी सर्वांत प्रसिद्ध वर्गीकरण होते ते अमेरिकेतील मेल्व्हिल ड्यूई यांचे. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत सर्व ज्ञानाचे दहा मोठे विभाग पाडले होते, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. प्रत्येक विषयासाठी आधीच एक क्रमांक ठरलेला. ही कल्पना मोठी सोयीची होती आणि आजही असंख्य ग्रंथालये तिच्या आधारे चालतात. पण तिला एक मर्यादा होती. पत्रे वाटण्यासाठी तयार केलेल्या खणांच्या कपाटासारखी ती होती. जितके खण, तितकेच विषय. मनुष्याची जिज्ञासा मात्र खणांत मावत नाही. नव्या काळात नवे विषय उपजतात, जुने विषय एकमेकांत मिसळतात. धान, गादमाशी आणि गोंदिया यांना एकत्र आणणारा खण कोणी आधी करून ठेवावा?

उत्तर सुचले ते एका खेळण्याच्या दुकानात! लंडनमध्ये सेल्फ्रिज नावाचे भले मोठे दुकान आहे. तेथे विक्रेता मेकॅनो नावाचे खेळणे करून दाखवीत होता. तुमच्यापैकी कित्येकांनी ते हाताळले असेल. भोके पाडलेल्या धातूच्या काही पट्ट्या, काही चाके, काही दोऱ्या, नट आणि बोल्ट, एवढाच त्याचा संसार. पण त्याच तुकड्यांतून विक्रेत्याने एकदा एक यंत्र जुळविले, ते मोडून दुसरेच काही उभे केले, मग तिसरे. रंगनाथन पाहतच राहिले. तयार खेळणी विकावयाची, तर प्रत्येक खेळण्यासाठी निराळी पेटी हवी. सुटे भाग दिले, की मुलाच्या मनात येईल ते खेळणे बनते. विषयांचेही असेच का करू नये? विषयांची संपूर्ण यादी देण्याऐवजी विषयांच्या घटकांच्या लहान लहान याद्या द्याव्यात, आणि ज्याने त्याने ग्रंथ हाती आला म्हणजे हवे ते घटक जोडून घ्यावेत! जोडण्यासाठी नट-बोल्टाचे काम करील असे एक चिन्ह मात्र हवे. त्यासाठी त्यांनी दोन टिंबांचे द्विबिंदू हे चिन्ह निवडले. म्हणूनच त्यांच्या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण असे नाव मिळाले. १९२५ साली मायदेशी परतताना बोटीवरच त्यांनी या योजनेचा आराखडा बांधण्यास आरंभ केला. मद्रासच्या बंदरात उतरले तेव्हा शिक्षकाच्या जागेची गोष्ट त्यांच्या मनातून पार नाहीशी झालेली होती.

ही युक्ती किती सामर्थ्याची आहे, हे एका हिशेबाने पाहू. समजा, आपल्यापाशी दहा पिकांची नावे आहेत, दहा किडी व रोगांची नावे आहेत, पेरणी, संगोपन, कीडनियंत्रण अशी पाच कामे आहेत आणि महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे आहेत. या सर्वांच्या जुळणीतून होणारा प्रत्येक विषय आधीच लिहून ठेवावयाचा म्हटले, तर दहा गुणिले दहा गुणिले पाच गुणिले छत्तीस, म्हणजे १८,००० खण करावे लागतील. उलट घटकांच्या चार याद्या केल्या, तर दहा, दहा, पाच आणि छत्तीस मिळून अवघी ६१ नावे पुरतात. त्यांतूनच ते १८,००० विषय हवे तेव्हा जुळविता येतात. गुणाकाराचे काम बेरजेत करून टाकणारी ही बुद्धी गणितीचीच होय.

परंतु तुकडे कोणत्या क्रमाने जोडावयाचे? गोंदियातील धान आधी, की धानातील गोंदिया आधी? एकाने एक क्रम घेतला आणि दुसऱ्याने दुसरा, तर एकाच विषयाची दोन पुस्तके दोन टोकांना जाऊन बसतील. रंगनाथन या प्रश्नावर अनेक वर्षे विचार करीत राहिले. त्यातून त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की कोणत्याही विषयाचे घटक अखेर पाच मूलभूत प्रकारांत मोडतात : व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थल आणि काल. विषयाच्या या अंगांना आपण पैलू म्हणू. हिरा एकच असतो, पण तो फिरवावा तसा निराळ्या पैलूतून चमकतो, तसेच हे आहे. आपल्या शेतकऱ्याच्या ग्रंथात धान हे व्यक्तित्व, कारण साऱ्या ग्रंथाचा केंद्रबिंदू तेच आहे. गादमाशीचा उपद्रव हा त्या पिकास जडलेला विकार. असे गुणधर्म व विकार रंगनाथन यांनी पुढे द्रव्याच्या प्रकारात घातले. कीड आटोक्यात आणणे ही क्रिया, गोंदिया जिल्हा हे स्थल, आणि ज्या वर्षांचा अनुभव ग्रंथात दिला आहे, तो काल. जे अधिक मूर्त ते आधी, जे अधिक अमूर्त ते नंतर, हा त्यांचा क्रम. प्रारंभी जोडणीसाठी द्विबिंदू हेच एक चिन्ह होते. पुढे १९५२ च्या सुमारास प्रत्येक पैलूची ओळख पटावी म्हणून स्वल्पविराम, अर्धविराम आणि टिंब हीही चिन्हे त्यांनी कामास लावली. मुख्य शास्त्रांना इंग्रजी अक्षरे दिली होती : शेतीसाठी जे, वैद्यकासाठी एल. भारताची खूण होती ४४. अशा अक्षरांची, अंकांची आणि विरामचिन्हांची एक माळ ग्रंथाच्या पाठीवर लिहिली, की जाणत्यास ती वाचूनच आतील मजकूर कळे.

तुमच्याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण घ्या. मालगुजारी तलावांविषयी एक पुस्तक आहे असे समजा. ते कशाचे पुस्तक म्हणावे? पाटबंधाऱ्यांचे, इतिहासाचे, की शेतीचे? नवेगाव बांधचा जलाशय पाहणाऱ्यास हा प्रश्न पडेलच, कारण त्या पाण्यात हे सर्वच विषय एकत्र झालेले आहेत. ग्रंथपालाने एकच खण निवडला, तर उरलेल्या दोन वाटांनी येणारा वाचक रिकाम्या हाताने परत जाणार. कपाटात ग्रंथ एकाच जागी ठेवता येतो, यास इलाज नाही. पण सूचीत त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा हव्या तितक्या काढता येतात. या वाटा कशा काढाव्यात, याचाही नियम रंगनाथन यांनी घालून दिला. त्यास शृंखला-पद्धती म्हणतात. शेती, त्यात धान, त्यावरील गादमाशी, तिचे नियंत्रण, अशी विषयाची साखळी मांडावयाची; मग शेवटच्या कडीपासून एकेक कडी हाती धरून तिच्या मागे तिचे पूर्वज लिहावयाचे. गादमाशी या शब्दापुढे धान आणि शेती येईल. धान या शब्दापुढे केवळ शेती येईल. शेती ही एकटीच उरेल. वाचकाने कोणतीही कडी पकडली, तरी तो साखळीपर्यंत पोहोचतो. सूची करणाऱ्याच्या लहरीवर काहीच सोपविलेले नाही. १९५० साली इंग्लंडमध्ये ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली, तेव्हा तिच्या विषयसूचीसाठी हीच रीत पत्करण्यात आली आणि ती सुमारे वीस वर्षे चालली. जेथे हा विद्यार्थी शिकावयास गेला होता, त्याच देशाने त्याची रीत उचलली!

आपल्या महाराष्ट्रातही याच सुमारास एक मोठे सूचिकार्य झाले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली. मराठीत कोणत्या विषयावर काय लिहिले गेले, हे पाहू इच्छिणाऱ्याचे पाऊल आजही प्रथम त्या सूचीकडे वळते.

मद्रासमधील रंगनाथन यांचे दिवस अपार श्रमांचे होते. सकाळी लवकर ग्रंथालयात यावे आणि रात्री परतावे, असा त्यांचा क्रम. सुट्टी त्यांना ठाऊक नव्हती. बंद कपाटे त्यांनी वाचकांसाठी खुली केली. वाचकाने आत यावे, पुस्तके हाताळावीत, हवे ते निवडावे. आज हे साधे वाटते, पण त्या काळी पुष्कळ ग्रंथालयांत वाचकास कपाटापर्यंत जाण्याची मुभा नसे. पुस्तके चोरीस जातील, हे भय! रंगनाथन यांचे मत निराळे होते. चोरीच्या भयाने न वाचलेला ग्रंथ आणि चोरीस गेलेला ग्रंथ यांत त्यांना फारसा भेद दिसत नसावा, असे त्यांच्या कृतीवरून वाटते. १९२८ साली त्यांच्या पुढाकाराने मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी संघाने ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला.

१९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ बाहेर आला. सूत्रे अगदी लहान आहेत. ग्रंथ वापरण्यासाठी असतात; प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे; प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक लाभला पाहिजे; वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये; आणि ग्रंथालय हे सजीवाप्रमाणे वाढत राहते, असा त्यांचा आशय आहे. वाचताना यात नवे ते काय, असे वाटते खरे. परंतु दुसरे सूत्र मनापासून मानले, तर खेड्यातील शेतकऱ्यालाही ग्रंथ पोहोचविणे भाग पडते, आणि तेथेच खरी कसोटी लागते. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. बैलगाडीत पुस्तकांची मांडणी केलेली, आणि ती गावोगाव जाऊन थांबे. ज्या रस्त्यांवरून धानाची पोती जात, त्यांवरूनच ग्रंथ खेड्यात येऊ लागले.

यानंतर एकामागून एक ग्रंथ प्रसिद्ध झाले. १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण, १९३४ साली सूचीलेखनाची नियमावली, १९३७ साली वर्गीकरणशास्त्राची मूलतत्त्वे. विद्यापीठ ग्रंथालयास १९३६ साली नवी वास्तूही मिळाली. असे सर्व सुरळीत चालले असता नव्या कुलगुरूंशी त्यांचे मतभेद झाले आणि ते विकोपास गेले. जे ग्रंथालय त्यांनी वीस वर्षे खपून उभे केले, तेच त्यांना सोडावे लागले. या आघाताने ते काही काळ अगदी खचून गेले होते. पन्नाशी उलटलेली, हाती काम नाही, आणि ज्यासाठी जीव वेचला ते दुसऱ्याच्या स्वाधीन झालेले. अशा वेळी काशी हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. राधाकृष्णन यांचे निमंत्रण आले. १९४५ साली रंगनाथन काशीस गेले. तेथील ग्रंथांची स्थिती पाहून त्यांनी स्वतःच लेखणी उचलली आणि सुमारे दोन वर्षांत एक लाखाच्या आसपास ग्रंथांचे वर्गीकरण व सूचीकरण आपल्या हाताने केले. हे काम किती प्रचंड आहे, याची कल्पना यावी म्हणून भागाकार करून पाहा : सुट्टी न घेता दररोज शंभरावर ग्रंथ!

काशीहून ते १९४७ साली दिल्ली विद्यापीठात गेले आणि तेथे ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण सुरू झाले. ग्रंथालये ही दात्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नयेत, त्यांना कायद्याचा आधार असावा, यासाठी ते सतत झटत होते. १९४८ साली मद्रास प्रांताने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला; स्वतंत्र भारतातील तो पहिला. (कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ सालीच असा कायदा करून ठेवला होता, हे आपण विसरता कामा नये.) महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला.

१९५५ ते १९५७ या काळात रंगनाथन स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे राहिले. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. त्याच सुमारास त्यांनी जे केले, ते किताबापेक्षा मोठे वाटते. आयुष्यभर काटकसरीने साठविलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठास देऊन टाकले. ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन व्हावे आणि त्यास पत्नी शारदा यांचे नाव जोडलेले असावे, एवढीच त्यांची इच्छा. ज्या विद्यापीठातून त्यांना दुखावून बाहेर पडावे लागले होते, तेच हे विद्यापीठ.

१९६२ साली बंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. उतारवयात रंगनाथन तेथे तरुण विद्यार्थ्यांसमवेत पुन्हा विषयांच्या घटकांचा विचार करीत बसले. १९६५ साली सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. गणिताचे प्रेमही आटले नव्हते. थोर गणिती रामानुजन यांचे चरित्र त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या जन्मदिनानिमित्त भारतात राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या वर्गीकरणाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. द्विबिंदू पद्धती फार थोड्या ग्रंथालयांनी स्वीकारली. भारतातही बहुतेकांनी ड्यूईंचीच वाट धरली. रंगनाथन प्रत्येक आवृत्तीत सुधारणा करीत आणि त्यामुळे जुने क्रमांक बदलत; ज्या ग्रंथपालास हजारो पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे खोडून नवे लिहावयाचे, त्याच्या जिवावर ते येत असे. शिवाय त्यांनी घडविलेले पारिभाषिक शब्द इतके, की ते शिकतानाच विद्यार्थी थकून जाई. सातवी आवृत्ती तर त्यांच्या मागे १९८७ साली निघाली.

क्रमांकांची माळ मागे पडली, पण पैलूंची कल्पना मात्र पुढे गेली. १९५२ साली लंडनमध्ये काही ग्रंथपालांनी वर्गीकरणाच्या अभ्यासासाठी एक मंडळ काढले आणि रंगनाथन यांच्या पैलूंना त्यांनी आपल्या विचाराचा पाया केले. मग संगणक आला. संगणकास ग्रंथाचा विषय एका लांबलचक वाक्यात सांगितला, तर त्याला त्यातून फारसे उमगत नाही. तेच पीक एका रकान्यात, कीड दुसऱ्यात, काम तिसऱ्यात, जिल्हा चौथ्यात आणि वर्ष पाचव्यात असे लिहिले, तर तो क्षणार्धात हवी ती नोंद काढून देतो. कपाटात एका ग्रंथास एकच जागा असते. संगणकाच्या सूचीत तसे बंधन नाही. तोच ग्रंथ धानाच्या यादीत दिसतो, गादमाशीच्या दिसतो आणि गोंदियाच्याही दिसतो. आज मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत पडद्याच्या एका बाजूस विषय, स्थळ, भाषा, काळ असे रकाने असतात आणि वाचक त्यांतील एकेक खूण निवडीत यादी लहान करीत जातो. अर्जुनी मोरगावच्या त्या शेतकऱ्याने पीक, कीड आणि जिल्हा अशा तीन खुणा केल्या, की हजारो नोंदींतून त्याच्यापुढे चार-दोनच उरतात, आणि त्यांत त्याला हवा असलेला ग्रंथ असतो. मात्र तो लिहिला गेलेला असावा आणि कोणा ग्रंथपालाने त्याचे पैलू नीट पाहून त्या रकान्यांत भरलेले असावेत.